दाभणताईंची साडेनऊची गाडी

गेल्या सभेत तुम्ही हात वर करून ज्या ठरावाला पाठिंबा दिलात, त्याचं पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे का? हा प्रश्न माझा नाही. आमच्या वस्तीत एक बाई होत्या. त्या हा प्रश्न भर सभेत, वक्त्याच्या तोंडासमोर विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत वहीवर पेन्सिल टेकवून उभ्या राहायच्या. त्यांच्यामुळे आमच्याकडच्या भल्या भल्या वक्त्यांची भाषणं आखूड झाली.

तोंडावर आम्ही त्यांना ताई म्हणायचो, माघारी दाभणताई. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्या स्टोअरमध्ये कारकून होत्या. नवरा अकाली गेल्यावर कॉलनीतली खोली सोडून त्या तिथून थोडं पुढे, आमच्या गावातल्या बौद्धवस्तीत भावाच्या घरी राहायला आल्या. उंच, काटकुळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. हसायच्या कमी. गप्पांना बसल्या तरी पुढच्या कामाला उठायच्या बेतानेच बसायच्या.

दाभण हे नाव त्यांच्या वहीमुळे पडलं. दुकानातली वही त्यांना चालत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, चळवळीतले नावाजलेले वक्ते. आमच्या घरात पाटी नंतर आली, पत्रकं आधी आली. मी अक्षरं ओळखायला शिकले ती गुलाबी नि पिवळ्या कागदावरच्या घोषणांतून. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली असत. ताई एक दिवस आल्या, एक गठ्ठा ओढून घेतला, कागद मधोमध दुमडले आणि गोणपाट शिवायच्या दाभणाने, सुतळी घालून, कोऱ्या बाजूंची वही शिवली. वर मेणकापडाचं कव्हर. अण्णा चिडले. म्हणाले, "ताई, तो चळवळीचा कागद आहे." ताई गाठ मारता मारता म्हणाल्या, "म्हणून तर त्याच्यावर काम लिहिते."

पान आखायची रीतही त्यांचीच. वर कामाचं नाव. खाली तीन रकाने: कोण, कधी, कुठे अडलं. पहिल्या रकान्यात ज्याने त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. काम झालं की ताई पानाचा कोपरा दुमडायच्या. नाही झालं तर त्यांनी कधी कोणाला रागावलेलं मी पाहिलं नाही. त्याच माणसाने तेच काम पुढच्या पानावर पुन्हा लिहायचं, एवढीच शिक्षा. "दुसऱ्यांदा लिहिताना हात जड होतो, मग पाय हलके होतात," असं त्या म्हणत. तरीही अडलं तर तिसऱ्या वेळी नाव बदलायचं, नाहीतर सगळ्यांदेखत काम खोडायचं. टांगून ठेवायचं नाही.

विहारातल्या पहिल्याच बैठकीत अण्णांशी त्यांची जुंपली. जयंतीचा मंडप, माईक, पाणी यांचं ठरत होतं. अण्णा नेहमीप्रमाणे म्हणाले, आपण सगळे मिळून करू. ताईंनी पेन्सिल वर धरली. "या वहीत ‘आपण’ नावाचा माणूस नाही, भाऊ. नाव सांगा."

"ही चळवळ आहे. किराणा दुकान नाही."

"दुकानदाराला संध्याकाळी निदान कळतं, काय संपलंय ते."

पोरं हसली. अण्णांनी मंडपापुढे आपलं नाव लिहिलं, पण अक्षर इतकं मोठं काढलं की तिन्ही रकाने भरले. मी अर्थात अण्णांच्या बाजूची होते. मला ताई म्हणजे चालतंबोलतं ऑफिस वाटायच्या. चळवळ पेटवायची असते, तिला रकान्यात कोंबायचं नसतं, असं मी तेव्हा एका हस्तलिखितात लिहिलंसुद्धा होतं. ते वाचून त्या एवढंच म्हणाल्या, की पेटवायची तर काडी कोण आणणार?

मग मी दहावी झाले. वस्तीतून दहावी झालेली मी पहिली मुलगी. कॉलेज नाशिकरोडला. मुलगे सायकलने जायचे. आमच्या गावाला एसटी एकच, पहाटे मार्केटला जाणारी, परत यायची अंधार पडल्यावर. वीज केंद्रातली राख नेणाऱ्या ट्रकांचा तो रस्ता, मधे वस्ती नाही. मनमाडहून रेल्वेतल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात कांदे लावले नि काढले होते. तिला घोषणांचं कौतुक नव्हतं. तिने चुलीपुढे बसून निकाल दिला, "सकाळची येळेवर एसटी आली त जाय. नाय आली त पायी मी पाठवनार नाय. मनमाडवाल्यांना हा म्हनू." अण्णांनी समतेवर बोलायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "तुमची समता त्या रस्त्यावर येती का तिच्या सोबत?" अण्णा उठून बाहेर गेले. अण्णांनी भाषण अर्ध्यावर सोडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांचा राग आला, कारण मनमाडचे पाहुणे कॉलेज उघडण्याच्या सुमारासच यायचे होते.

रविवारी बैठक भरली. ताईंनी नवं पान काढून वर लिहिलं: साडेनऊची गाडी, म्हणजे कॉलेजच्या वेळेला नेणारी नि दिवसाउजेडी परत आणणारी. आणि विचारलं, "आधीच्या अर्जाची पोच कोणाकडे आहे?"

या मागणीसाठी आम्ही तीन पत्रकं काढली होती. एकदा रस्ता अडवला होता. एका पुढाऱ्याची मोटार थांबवून तिच्यापुढे घोषणा दिल्या होत्या. त्यामुळे प्रश्न ऐकून सगळे एकमेकांकडे पाहू लागले. अण्णा म्हणाले, अर्ज संपतने दिला. संपत हा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, पत्रकांवरची ठळक अक्षरं त्याचीच. तो म्हणाला, "म्या? म्या त घोषना लिवल्या. मला वाटलं, अर्ज अण्णांनी देला."

वर्षभर आम्ही एसटी मागत होतो. एसटीच्या डेपोत कागदाचा एक तुकडाही गेला नव्हता. अशी चूक आमच्यासारख्यांकडूनच होऊ शकते. ज्याला बोलता येत नाही तो मुकाट्याने अर्ज देऊन येतो. आम्हाला बोलता येत होतं.

ताई हसल्या नाहीत. टोमणाही मारला नाही. अर्जापुढे त्यांनी मला नाव लिहायला लावलं. ग्रामपंचायतीच्या ठरावापुढे संपतने लिहिलं. तिसरं काम त्यांनी स्वतः डेपोत चौकशी करून आणलं होतं: गाडी वळवायची कुठे? आमच्या गावात मोठी गाडी वळेल अशी जागा एकच, बाबुरावांच्या खळ्यापुढची, आणि तिथे त्यांचा उकिरडा. बाबुराव गावातले मोठे बागायतदार. त्यांच्याशी बोलायचं काम अण्णांकडे आलं, कारण वस्तीच्या वतीने बोलायचं ते अण्णांनीच, असा रिवाज होता.

मी अर्ज लिहून ताईंकडे नेला. चार पानं झाली होती. सुरुवात जुलमी व्यवस्थेच्या छाताडापासून होती. ताईंनी शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला. म्हणाल्या, "चांगलं लिहितेस. साहेबाचं छाताड तेवढं सोड. गाडी किती वाजता हवी, ते यात कुठेच नाही." खरंच नव्हतं. मी पुन्हा लिहिला, एका पानात. त्यांनी आपली रजा टाकली आणि आम्ही डेपोत गेलो. तिथल्या कारकुनाने वेळ विचारली, रोजचे प्रवासी विचारले, ठरावाची नक्कल विचारली. प्रत्येक उत्तर तयार होतं. तो अर्ज ठेवून आत वळला, तशा ताई खिडकीशीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पोच. त्याने शिक्का मारून नक्कल परत दिली तेव्हा त्या हलल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पोच हातात नसेल तर आपण फक्त फिरून आलो असं समजायचं." पण जागेचा दाखला जोडल्याशिवाय पुढे काही होणार नाही, हेही त्या खिडकीत कळलं होतं.

जागेचं काम हलत नव्हतं. अण्णांनी ते वहीत दुसऱ्यांदा लिहिलं. पहिल्या वेळी ‘कुठे अडलं’ या रकान्यात त्यांनी ‘वेळ मिळाला नाही’ असं घातलं होतं. दुसऱ्या वेळी रकाना कोरा ठेवला. ताईंनी वही तशीच त्यांच्यासमोर धरून ठेवली. "अडलं म्हणायला लाज नाही, भाऊ." अण्णांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं: मागायला जीव होत नाही.

कारण आम्हाला माहीत होतं. आमची मिरवणूक बाबुरावांनी त्यांच्या खळ्यापुढून जाऊ दिली नव्हती, आणि अण्णांनी त्यांचं नाव घालून पत्रक काढलं होतं. ते पत्रक खरं होतं. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही. पण ज्याला झोडपलं त्याच्याच दारात जाऊन जागा मागायची, हे अण्णांच्या पायांना जमेना. बैठकीत कोणी हसलं नाही. ताईंनी फक्त ‘बरं’ म्हटलं, आणि वही मिटून त्या आमच्या घरी आल्या. थेट चुलीपाशी.

आई भाकरी थापत होती. ताई पाट ओढून बसल्या. "वहिनी, एसटी आली तर पोरीला पाठवाल, असं तुम्ही म्हणालात ना?"

"म्हनले."

"मग एसटीचं एक काम तुमच्याकडे. बाबुरावांकडे जागा मागायचं."

आईचा हात परातीत थांबला. आजवर कुठल्याही सभेने तिला काम दिलं नव्हतं. सभेला चहा लागला तरच तिची आठवण व्हायची. ती म्हणाली, मला लिहिता येत नाही. ताई म्हणाल्या, मी लिहिते, तुम्ही नाव सांगा. आईने पिठाचे हात पुसले आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत एसटी यावी की येऊ नये, हे तिने स्वतःशी ठरवलं नव्हतं. अट घालणारा माणूस लांब उभा राहतो. ताईंनी तिला अटीच्या आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी बाबुरावांच्या कांदे साठवायच्या चाळीत काम करता करता आईने त्यांच्यापुढे विषय काढला. तिने घरी येऊन सांगितलं ते असं. बाबुराव म्हणाले, "तुमच्या लोकांनी शिव्या देल्या मला. जागा कोनी इचारली का कधी?" आई म्हणाली, "शिव्या फुकट नव्हत्या देल्या, बाबा. ते ऱ्हाऊ द्या. उकिरडा कधी हलवता?" बाबुराव म्हणाले, नात नववीत हाय माझी, तिलाबी लागंल पुढं. बैलगाडी त्यांनी दिली, माणसं आमची लागली. पुढे मिरवणुकीचंही आम्ही भांडून मिळवलं, पण ती दुसरी गोष्ट.

दाखला डेपोत पोचला आणि वाट पाहणं सुरू झालं. कॉलेज उघडलं. पाहुण्यांचा निरोप आला की आम्ही येतो. आईने त्यांना कळवलं, चार दिवस थांबा, घरी काम हाय. तिने स्वतःहून पाहुणे लांबवले, हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तिने कदाचित पुन्हा बोलावले असते. ताई रोज कामावरून येताना आमच्या दारावरून जायच्या, थांबायच्या नाहीत, नुसती मान हलवायच्या. अजून नाही.

आणि एका सकाळी, कोणालाही न सांगता, गाडी आली. रिकामी, धुळीने माखलेली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, वळवायची कुठं? आई पदर खोचून पुढे गेली आणि हाताने दाखवत राहिली, मागं घ्या, अजून मागं, बास. अण्णांनी घोषणा सुरू केली, पण कोणी साथ दिली नाही. सगळ्यांचे डोळे मागच्या चाकांवर होते, ती कडेच्या पाण्याच्या चारीत जातात की काय म्हणून. चाकं चारीच्या काठाशी आली, थांबली आणि गाडी पुढे निघाली. वळली. आई म्हणाली, "जाय आता. पयल्या दिशी उशीर नको करू." मी दप्तर घेऊन पळाले. खिडकीतून पाहिलं तर ताई लांब भिंतीच्या कडेने चालल्या होत्या, पाठमोऱ्या. कामाला उशीर झाल्यामुळे त्या गाडी वळायच्या आधीच निघाल्या होत्या.

मनमाडच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं, चांगलं झालं. मी बारावी झाले, मग बीए. बाबुरावांची नात पुढे गाडीत माझ्याच बाकावर बसून यायची. मधेच ताईंची बदली भुसावळकडे झाली. अण्णांनी निरोप समारंभ ठरवला, तर ताईंनी कळवलं की भाषण नको, बैठक घ्या. त्या शेवटच्या बैठकीत त्यांनी आपल्याकडची उरलेली कामं एकेक करून वाचली आणि प्रत्येक काम घ्यायला माणूस मिळेपर्यंत त्या बसून राहिल्या. आईने दोन घेतली. मी विचारलं, आता तुमच्यासारखं कोण बघणार? त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. म्हणाल्या, "माझ्यासारखं कोणी एकानेच बघावं लागलं, तर मी एवढी वर्षं वाया घालवली म्हणायची." मग घड्याळ पाहिलं आणि स्टँडकडे चालू लागल्या, भरभर, मागे न पाहता. काही महिन्यांपूर्वी त्या वारल्या, भुसावळलाच. बातमी अण्णांनी आणली. त्या दिवशी त्यांना दोन वाक्यांपलीकडे बोलता आलं नाही.

मी त्या साडेनऊच्या गाडीने अजून कामावर जाते. आता तिच्यात आमच्या गावच्या आणि पुढच्या मळ्यांवरच्या मिळून इतक्या मुली असतात की कोणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही, आणि मला या न बघण्यासारखं सुख दुसरं कशात वाटत नाही. पण रस्त्याला शेअर रिक्षा धावू लागल्या आहेत. मोठी माणसं त्यांत चढतात, लवकर पोचतात. कंडक्टर परवा म्हणाला, सुट्टीच्या दिवसांत गाडी अर्धी रिकामी जाते, वरून विचारणा होते. गाडी रिकामी धावली तर ती बंद होईल, आणि बंद झाली तर कुठल्या कुठल्या चुलीपुढे पुन्हा निकाल लागतील, ते मला नेमकं माहीत आहे. म्हणून, एकलहऱ्याच्या पुढे तुमचं घर असेल, मळा असेल, पाहुणे असतील, तर उद्या रिक्षाला नको म्हणा. साडेनऊच्या गाडीत बसा आणि तिकीट काढा.