गोत्रीतलं सत्तांतर

दामोदरराव घारपुऱ्यांना राजकीय कटाच्या कादंबऱ्यांचं वेड. ताट वाढलं तरी पुस्तक सुटत नसे. त्यामुळे गोत्रीतल्या त्यांच्या सोसायटीचे लोक सेक्रेटरी पटेलांकडे दबक्या आवाजात जमू लागले, तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं, हा खुर्चीचा डाव!

“अहो, नका जाऊ,” बायको उषाताई म्हणाल्या.

“कट उधळतो!” म्हणत ते थेट आत घुसले.

“आवो, दामोदरभाई!” सगळे हसून उठले. पटेलांनी सुटकेचा श्वास टाकत पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्या हाती ठेवली. नवे सेक्रेटरी म्हणून त्यांचंच नाव एकमताने ठरलं होतं.

घरी पोचतात तोच पहिली तक्रार दारात.

“खुर्चीसाठी खून पाडतात म्हणे!” त्यांनी कादंबरी आपटली. “त्या लेखकाला आणा एकदा गोत्रीला!”