देजाची थैली

त्याच्यापुढे काहीही ठेवा, पेरू ठेवा नाहीतर चहाचा कप, तो हात मागे घ्यायचा आणि आधी विचारायचा, "हे कुणाच्या वाट्याचं?"

शहाद्याच्या शाळेत आम्ही दोघे बरोबर शिकवत होतो. तो धडगावकडच्या डोंगरातला. व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मास्तर झालेला त्यांच्या पाड्यातला पहिलाच. मराठी इतकी शुद्ध बोलायचा की आम्हा गावातल्या मास्तरांना आपल्या बोलण्याची लाज वाटावी. एका दिवाळीला हेडमास्तरांच्या पत्नीने फराळाचं ताट पुढे केलं तेव्हाही त्याने तोच प्रश्न केला. बाई बिचाऱ्या गोंधळल्या. "अहो, तुमच्याच वाट्याचं!" तेव्हा कुठे त्याने चकली उचलली. मी तर त्याला वाटेकरी म्हणून चिडवायचो. तो हसायचा, पण सवय काही सुटली नाही.

एका बाजाराच्या दिवशी त्याचे आईबाप शाळेत आले. दोन दिवस पायी चालून आले होते. मी बाक पुढे केला, पण म्हातारी काही बसली नाही. ती ओसरीवर जमिनीवरच टेकली आणि पदराआडून एक थैली काढून तिने मुलासमोर ठेवली. थैलीत चांदीचे रुपये होते. माझ्या वर्षभराच्या पगारापेक्षाही जास्त असावेत.

त्यांच्यात लग्नासाठी मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं. ते देता आलं नाही, तर मुलगा घरजावई होतो आणि ठरलेली वर्षं सासऱ्याच्या शेतात राबतो. याचं लग्न ठरत होतं, आणि मुलगा मास्तर म्हणून मुलीकडच्यांनी देजही वाढवून मागितलं होतं. मास्तरकी अशी महागात पडते, हे मला तेव्हा कळलं.

म्हातारा माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाला, "गुरुजी, मन्हा पोऱ्या मास्तर शे. तो दुसराना घर कसाले राबी?"

त्या दिवशी आमच्या वाटेकऱ्याने काहीच विचारलं नाही. थैलीत कुणाचा वाटा आहे ते त्याला ठाऊक होतं. आईचा गळा मोकळा होता. तिची चांदीची हासळी गेली होती. आणि विकलेली बैलजोडी त्याच्या थोरल्या भावाने वासरं असल्यापासून वाढवलेली होती. त्या भावाच्या लग्नाच्या वेळी घरात काही नव्हतं. म्हणून तो घरजावई गेला होता, सात वर्षांच्या बोलीवर. त्यांतली चार झाली होती.

आईबाप गेल्यावर तो मला म्हणाला, "त्यांनी दिलं याचा मला आनंद आहे, गुरुजी. आणि त्यांच्याकडे बघवत नाही. दोन्ही एकदमच होतंय." मी नेहमीप्रमाणे काहीतरी शहाणपणाचं बोललो. आईबापाच्या देण्याला मोल नसतं, असं काहीसं. आता ते आठवलं की माझं मलाच ओशाळं वाटतं.

दिवाळीच्या सुटीत तो थैली घेऊन भावाकडे निघाला. या रुपयांनी भावाला सोडवायचं आणि आपण लग्नाचं पुढे बघायचं, असा त्याचा बेत. हट्टाने मीही सोबत गेलो. भाऊ सासऱ्याच्या शेतात ज्वारी राखत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, थैलीला हातसुद्धा लावला नाही. मला कळावं म्हणून असेल, बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाला, "चार वरीस मी राबनू. आते तू रुप्या देशी तं मन्हा चार वरीस पान्यामा गयात."

त्याचं खरं होतं. देज अर्धं कष्टाचं आणि अर्धं रुपयांचं, असं तिथे चालत नाही. रुपये दिले तर पुरे द्यायचे, मग झालेली वर्षं कुणी धरत नाही. आम्ही थैली घेऊन परत आलो.

होळीनंतर त्याचं लग्न झालं. देजाची थैली मुलीच्या बापाच्या हातात दिली ती थोरल्या भावानेच, आणि मग सगळ्यांत जास्त नाचलाही तोच. आमचा मास्तर मात्र नवरदेव असून खाली मान घालून उभा होता.

पुढे दर सुटीला तो बायकोला घेऊन भावाकडे जायचा आणि त्याच्याबरोबरीने राबायचा. हाताला फोड घेऊन परत यायचा आणि आठवडाभर खडू धड धरता यायचा नाही. मी रागावायचो. "तू राबल्याने त्याचं एक वर्ष तरी कमी होतं का?"

"नाही होत," तो म्हणायचा, "पण तेवढे दिवस तो एकटा नसतो."

सात वर्षं भरली, तरी उन्हाळ्यात तो पुन्हा निघाला. भाऊ मध्ये आजारी होता, ते दिवस सासरा धरत नाही, अजून एक वर्ष राबायचं आहे, असा भावाचा निरोप होता. मी त्या सासऱ्याला भरपूर शिव्या दिल्या. हा गेला आणि नेहमीसारखेच हात सोलून आला.

त्याच पावसाळ्यात शहाद्यात तापाची साथ आली. पाचव्या दिवशी तो गेला. तिशीही झाली नव्हती.

त्याची पेटी न्यायला भाऊ आला. पेटी उचलून देताना माझ्या तोंडून गेलंच, "तुझ्या सासऱ्याने ते एक वर्ष वाढवलं नसतं, तर या उन्हाळ्यात तरी त्याच्या जिवाला आराम मिळाला असता."

भावाने पेटी परत ओसरीवर टेकवली.

"सासरानी काहीच वाढाये नही, गुरुजी," तो म्हणाला. "मन्ही मुदत व्हळीलेच सरी गयथी. त्यानी माले वावर बी दिन्हं. यंदा आम्ही नांगरं ते वावर मन्हंच व्हतं."

"मग त्याला सांगितलं का नाहीस? बोलावलंस कशाला?"

"सांगं असतं, तं तो उना नसता."