वसंतरावांच्या बागेतला दगड

माझ्या साडूच्या बागेत एक दगड आहे. त्याच्यापुढे दरवर्षी नारळ फुटतो. त्या दगडाला मी एकदा लाथ मारली होती, हे आता पंच्याहत्तरीत सांगून टाकलेलं बरं.

साडू, म्हणजे वसंतराव, देवळाली कॅम्पला बंगल्यात राहतात. आम्ही नाशकात तळमजल्यावर, आणि समोर सातमजली इमारत. हिवाळ्यात त्यांच्याकडे ऊन असतं, आमच्याकडे इमारत!

एका डिसेंबरात त्यांनी बागेत पहार रोवली, पुढे गोट्यांची रांग मांडली आणि शेवटी भोपळ्याएवढा दगड ठेवून जाहीर केलं, "वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, भर दुपारी, पहारीच्या सावलीचं टोक या दगडाला टेकणार! सगळे जेवायला या."

"पण सूर्य तर संक्रांतीला वळतो," मी हरकत घेतली.

"तो पंचांगात, अण्णा. बागेत डिसेंबरातच वळतो!"

सगळे हसले. आमची ही सगळ्यांत जास्त. "किती हुशार! नाहीतर तुम्ही! कुंडीतला कढीपत्ता जगवता येत नाही."

माझ्या पोटात जी कळ उठली, ती ओव्याने थांबेना. घरी आल्यावर मीही दारात काठी रोवली. दुपारी पाहतो तर सावलीच नाही. इमारतीने गिळलेली!

"अहो, कपडे वाळत घालायची काठी कुठंय?" आतून आवाज आला. मी मुकाट्याने उपटली.

त्या सगळ्यात लहान दिवशी आम्ही सकाळीच देवळालीला पोचलो. सगळे स्वयंपाकघरात, बागेत मी आणि तो दगड. इकडेतिकडे पाहिलं आणि उजव्या पायाने सणसणीत लाथ घातली. (हाताने उचलणार होतो, पण कंबर!) दगड वीतभर पुढे सरकला. अंगठा सुजला, पण मन शांत झालं.

दुपारी सगळं गणगोत बागेत जमलं. सावली हळूहळू सरकली... आणि टोक बरोब्बर दगडाला टेकलं!

टाळ्या! मेहुणीने धावत येऊन दगडाला हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटला. "याला म्हणतात डोकं!" असं म्हणत हिने माझ्या डोक्याकडे पाहिलं.

जेवणानंतर वसंतरावांनी मला कोपऱ्यात ओढलं.

"अण्णा, कुणाला सांगू नका. माझा हिशेब चुकला होता. काल पाहिलं तर सावली दगडाच्या वीतभर पुढे! सकाळी गुपचूप सरकवणार, तर तुम्ही बागेत ठाण मांडून! म्हटलं, झाली फजिती. पण चमत्कार बघा, दगड आपोआप सरकला!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. (कारणं वेगळी.)

तेव्हापासून दरवर्षी सगळे त्या दगडापुढे वाकतात. मीही वाकतो. पण माझा नमस्कार दगडाला नसतो. वाकल्यावर माझा उजवा पाय दिसतो ना, त्याला असतो!