मी काढलेली बारीक वायर

आधी माफी मागतो. माणसांवर लिहायचं तर माणसं वाचता यावी लागतात, आणि मला अजून माझंच अक्षर धड वाचता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणजे चुकलं तर कान धरणारंही कोणी नाही. तरी लिहितो आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, तेव्हा सांभाळून घ्याल.

वायर दोन बोटांत धरून आमचे सर विचारायचे, "काढू?"

बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते मेलचा सर्व्हर सांभाळत. राहणार जवळच्या दांडी गावचे, घरची मासेमारीची होडी. आपण मोठ्या तोंडाने सांगावं की मशीन चालू झालं, तर त्यांचा हात आधी प्लगवर. "काढू? हा पडला तर पुढं काय, ते सांग." बॉयलरवाल्यालाही हेच विचारायचे आणि कॅन्टीनमधल्या मिक्सरलाही हीच धमकी. त्यांच्या खिशात दोन पेनं, दोन चष्मे, बॅगेत दोन छत्र्या. कॅन्टीनवाला एकदा म्हणाला, "सगळं डबल, मग सर, तुमचा दुसरा कुठंय?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा काय. अजून चालू होतोय. येल लागतो." त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'ल' व्हायचा, वेळेचा येल.

मी पालघरच्या कॉलेजातून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आलो होतो. गाव जव्हारच्या बाजूचा एक पाडा. भात झालं की आईबाप वीटभट्टीवर जातात. सालवडला तीन कामगारांबरोबर खोली घेतली होती. पहिला महिनाभर मी सर्व्हर रूमबाहेर चप्पल काढून आत जायचो. आत इतकं थंड आणि शांत होतं की तेच बरोबर वाटायचं. शेवटी ते म्हणाले, "अरे कॉलेज, देऊल नाय ते. चप्पल घाल, शॉक लागंल." ते मला कॉलेज म्हणायचे. मी प्रत्येक गोष्टीला "हो सर" म्हणायचो, विशेषतः काही कळलं नसेल तेव्हा.

माझ्या प्रोजेक्टचं नाव होतं हाय अव्हेलेबिलिटी. कंपनीचा मेल एकाच सर्व्हरवर चालायचा. टँकर आत घ्यायची परवानगी, मालाच्या ऑर्डरी, सगळं मेलवर. तो पडला की कंपनी मुकी. म्हणून शेजारी दुसरा उभा करायचा. दोघांच्या मध्ये एक बारीक वायर. तिच्यातून दुसरा पहिल्याला सारखं विचारत राहतो, आहेस का? उत्तर आलं नाही की काम आपल्या अंगावर घेतो.

या प्रोजेक्टवर माझी डिग्री अडली होती, पण त्यांचं त्याहून मोठं काही अडलं होतं. साखरेने त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरू लागलं होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं की दुसरा सर्व्हर उभा राहिला, चाचणी झाली, की खुशाल महिनाभर जा. त्याआधी मेल कोणाच्या भरवशावर सोडणार? कित्येक वर्षांत त्यांनी दोन दिवसांहून मोठी रजा घेतलेली नव्हती.

तारखेला आठ दिवस उरले असताना चाचणीचा दिवस आला. दुसरा काम अंगावर घेतो का, हे ते कामगारांची बस यायच्या आधी पहिल्या सर्व्हरची मुख्य वायर काढून बघणार होते. मी त्यांच्याही आधी पोचलो. वाटलं, आपणच करून ठेवावं, सर खूश होतील. पण मुख्य वायर चांगली जाड होती. तिला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मग मी सगळ्यात बारीक वायर काढली. वायर बारीक, तेव्हा नुकसानही बारीकच होईल, हा माझा हिशोब. तीन वर्षं शिकून आलेला हिशोब.

ती मधली वायर होती. पहिला चालूच होता. दुसऱ्याला उत्तर मिळेना, म्हणून त्यालाही वाटलं की आता आपणच मालक. दोघेही मेल घेऊ लागले. मी स्क्रीनवर दोन हिरवे दिवे पाहिले आणि आनंदाने चहाला गेलो. सर आले तेव्हा मी "झाली चाचणी" म्हटलं, आणि ते मागची बाजू बघणार तोच त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं.

दुपारपर्यंत निम्मे मेल एकाकडे, निम्मे दुसऱ्याकडे. गेटवर टँकर आल्याचा मेल एकात, त्याची परवानगी दुसऱ्यात. ड्रायव्हरने गेटबाहेर स्टोव्ह पेटवून भात टाकला. डिस्पॅचच्या मॅडम सांगत होत्या, "सकाळी वाचलेला मेल आता नाहीच. मला वेड लागलंय का?"

सरांनी येऊन मागची बाजू हाताने चाचपली. सुटलेलं टोक त्यांच्या बोटांना लागलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "एका होडीत दोन तांडेल बसवलेस तू." तांडेल म्हणजे होडी हाकणारा.

मॅनेजरसाहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "वायर कोणी काढली?"

मी सरळ उभा होतो. तोंड उघडलं होतं, एवढं नक्की आठवतं.

"मी काढली," सर म्हणाले. "डोल्यांनी घात केला. जाडीच्या जागी बारीक धरली."

साहेबांनी सरांच्या रजेचा अर्ज पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "हे सगळं निस्तरल्याशिवाय तुमची रजा कशी देऊ?"

"नकाच देऊ," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, तुमची तारीख."

"पुडची घेऊ. डोला काय पलून जातोय? तुजं नाव लागलं असतं तर तुला इथनंच घरी धाडला असता."

मी म्हटलं, "हो सर."

पुढचे बारा दिवस आम्ही दोन्ही सर्व्हरवरचे मेल जुळवत बसलो. सुरुवातीला ते स्क्रीनला नाक लावून वाचायचे. तिसऱ्या दिवशी खुर्ची मागे घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तू वाच. मी ऐकतो." मी वाचायचो, ते सांगायचे, "ठेव", "हा दोनदा आलाय, काढ." कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा मेल दोन्हीकडे निघाला तेव्हा म्हणाले, "हा दोनीकडं ठेव, केक दोन येतील." मी हसलो. इंग्रजी शब्द मी अडखळत वाचायचो. ते कधी सुधारायचे नाहीत, थांबून राहायचे.

मग त्यांनी स्टोअरच्या इमारतीत तिसरं, छोटं मशीन बसवून घेतलं. दोघांत बोलणं तुटलं तर मालक कोण, हे ते ठरवणार. पुन्हा चाचणी आली. या वेळी त्यांनी माझा हात धरून जाड वायरवर ठेवला. "आता तू विचार."

"काढू?" मी म्हटलं.

"काढ."

मी काढली. पहिला गप्प झाला. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. डिस्पॅचच्या मॅडमचा मेल, नेहमीसारखा. फोन माझ्यापुढे करून म्हणाले, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. "झालं तर. आता मी जातो."

त्याच आठवड्यात माझी इंटर्नशिप संपली. मी परीक्षेला बसलो, पास झालो. त्यांना फोन करायचा असं रोज ठरवायचो. फोन लागला तर केबिनमधलं बोलावं लागेल, म्हणून रोज दुसरं काहीतरी काम निघायचं. माझ्याइतका कामाचा माणूस त्या दिवसांत पाड्यावर दुसरा नसेल.

मग एक दिवस कंपनीचा मेल आला. जागा रिकामी आहे, रुजू व्हा. मी आईला तो दोनदा वाचून दाखवला. आई म्हणाली, "कोनाची जागा हाय?" मी म्हटलं, "कंपनीची."

पहिल्या दिवशी गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहिताना मी वॉचमनला विचारलं, "सर आले का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आपको किसी ने बताया नहीं? उन्होंने तो नौकरी छोड़ दी. आँख का काम देर से हुआ. एक गई, दूसरी से बस उजाला दिखता है." मग रजिस्टर आपल्याकडे ओढून घेत म्हणाला, "आख़िरी दिन मैं ही हाथ पकड़ के साहब की केबिन तक ले गया था. आपका नाम वही देके गए. और जाते-जाते भी साहब को बोल रहे थे, वो तार मैंने ही निकाला था."