झाकलेलं टेबल

वसुधा मॅडमनी मला बंगळूरच्या या प्रयोगशाळेत सफाईचं काम दिलं, म्हणून परमुलखात माझा निभाव लागला. आज मॅडम आरसे-भिंगं मांडलेल्या प्रयोगाच्या टेबलावर चादर घालत होत्या. विजेऐवजी उजेडावर चालणारा संगणक बनवायचा, म्हणून त्या अकरा वर्षं या टेबलाशी झटल्या. आता सरकारने अनुदान थांबवलंय.

"उद्या उचलूनच नेणार ना मॅडम? मग झाकता कशाला?"

"धूळ बसते गं," म्हणत त्या चादरीच्या सुरकुत्या काढत राहिल्या, आजाऱ्याच्या पांघरुणाच्या काढाव्यात तशा.

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "अजून किती वर्षं लागतील?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माहीत नाही." मी फडकं घेऊन दारातच उभी होते. वर्गात हेच म्हणायची भीती वाटायची, म्हणून मी सातवीत शाळा सोडली. एवढी शिकलेली बाई ते सरळ बोलली, तर तिचंच काम बंद! उत्तर आधीच ठाऊक असतं, तर शोधलं कशाला असतं?

माझं काम तरी राहतंय की नाही, कोण जाणे. पण मॅडम, तुम्ही काय शोधत होता ते चारचौघांना समजावून सांगता येईल, एवढं मी एक दिवस शिकेनच.