तपासणीचे साहेब

आता आमच्या शाळेचं मूल्यमापन मोबाइलवरून फोटो पाठवून होतं. असे फोटो काढताना मला ते विस्तार अधिकारी आठवतात. कन्हेरीजवळच्या वस्तीशाळेत मी नवी शिक्षिका होते, तेव्हा ते तपासणीला यायचे. चपला वर्गाबाहेर काढून सतरंजीवर मुलांच्या रांगेत मांडी घालून बसायचे. बोलणं सावकाश, प्रत्येक वाक्याआधी एक लांब "हं".

एकदा त्यांनी दुसरीतल्या एका मुलीला धडा वाचायला सांगितला. एरवी घडाघडा वाचणारी ती पोर मान खाली घालून गप्प बसली. शाळेचा शेरा मुलांच्या वाचनावरच ठरणार होता.

"हं... मग मीच वाचतो," साहेब म्हणाले. "शेळी झाडावर चढली."

"न्हाय वो! बांधावर चढली!" पोर खुदकन हसली आणि पुढचं सगळं पान तिनं वाचून काढलं.

"हं... बाई, हिला छान येतंय. भ्याली होती नुसती," साहेब मला म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पोरीनं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. "आता तुमी वाचा. नीट."

साहेबांनी चष्मा पुसला, अक्षरांखाली बोट धरलं आणि एकही चूक न करता पान वाचून दाखवलं.

"आलं की तुमाला!" पोर म्हणाली.