आधी सत्कार, मग उड्डाण

सुरतेच्या आमच्या मराठी मंडळाला सत्काराचं व्यसन होतं. कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला, कुणाची बढती झाली, की शाल, नारळ, हार तयार. त्यात अध्यक्षांनी एक युक्ती काढली होती. अध्यक्ष म्हणजे सरकारी खात्यातले मोठे साहेब. एखाद्याकडून काम करवून घ्यायचं असलं की ते त्याचा सत्कार आधीच उरकून टाकायचे. चारचौघांत नारळ हातात पडला की भिडस्त माणसाच्या तोंडून नकार निघत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. माझे यजमान मंडळाचे चिटणीस, त्यामुळे नारळांचा साठा माझ्या स्वयंपाकघरात.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास कपाशीवर विमानातून औषध फवारायला एक मराठी वैमानिक आला आणि बायकोसह आमच्या वरच्या खोल्यांत राहू लागला. इतका संकोची, की जिन्यात मी समोर आले तर भिंतीला चिकटून वाट द्यायचा. बायको मात्र मोकळी. दुपारचा चहा आम्ही दोघी मिळूनच घ्यायचो.

एका रविवारी कडोदऱ्याकडच्या एका गुजराती शेठच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाच्या गाठींना आग लागली. बघायला अख्खं मंडळ लोटलं, काहीजण तर डबे घेऊन. कामगार केव्हाच बाहेर पडले होते, बंब पाणी मारत होते. जळत होता तो फक्त शेठचा कापूस. पण मंडळाच्या हॉलमधले पंखे शेठच्या देणगीतले, तेव्हा अध्यक्षांना ती आग स्वतःच्या घराला लागल्यासारखी झोंबली. फवारणीचं विमान जवळच्याच माळावर उभं होतं. औषधाच्या टाकीत पाणी भरा आणि वरून ओता, असा त्यांनी शोध लावला.

बायकोसह आमच्यातच उभा असलेला वैमानिक स्पष्ट म्हणाला, "नाही साहेब. एवढ्याशा पाण्यानं हे विझायचं नाही. आणि धुरात विजेच्या तारा दिसणार नाहीत."

"एक आंटो मारी आवो ने, साहेब!" एक फेरी तरी मारून या, म्हणून शेठ गयावया करू लागले.

अध्यक्षांनी वाद घातलाच नाही. त्यांनी माझ्या यजमानांना नुसती खूण केली. जीपमधून शाल-नारळ निघाले, गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या, फोटोही निघाला. तिकडे आग, इकडे फोटो! तो बिचारा नारळ धरून बायकोकडे बघत राहिला. मग नारळ तिच्या हातात देऊन विमानाकडे गेला.

पाणी पडलं रस्त्यावर. मंडळींनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच विमान तारांना अडकलं आणि पलीकडच्या शेतात कोसळलं. तो जागीच गेला. गाठी पुढे कितीतरी दिवस धुमसत होत्या.

मुंबईहून चौकशीचे अधिकारी आले, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना ठोकून दिलं, "आम्ही नको नको म्हणत होतो, त्यांनीच हट्ट धरला." सगळ्या मंडळाने माना डोलावल्या. जिन्यात मला वाट देणारा माणूस आठवड्याभरात शेखी मिरवणारा ठरला.

"वहिनी, मला दुसरं काही नको," त्याची बायको मला म्हणाली. "ते नाही म्हणाले होते, एवढंच त्या अधिकाऱ्यांच्या कानावर जाऊ दे."

अधिकारी अध्यक्षांच्याच बंगल्यावर उतरलेले, म्हणून तिची त्यांच्याशी गाठ घालून द्या, असं मी यजमानांना विनवलं. म्हणाले, "मंडळाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे." इभ्रत म्हणे! ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

अधिकारी परत जाण्याआधी मंडळाने घाईघाईने शोकसभा घेतली आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. एकेक वक्ता 'धाडसी' आणि 'स्वतः होऊन' एवढ्या दोन शब्दांवर सभा गाजवून गेला. त्याच्या बायकोला बोलू द्या, असं मी यजमानांना सांगितलं, तर म्हणे कार्यक्रमात तिचं नाव नाही.

शेवटी दोन मिनिटं शांततेसाठी सगळे उभे राहिले. या बाबतीत आमचं मंडळ भलतंच कडक, साधं खोकलं तरी अध्यक्ष डोळे वटारत. माझ्या शेजारी ती उभी होती. त्या शांततेत ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "ते नाही म्हणाले होते. सगळ्यांच्या देखत नाही म्हणाले होते."

तिला गप्प करायचं तर शांतता मोडावी लागणार होती. सगळे माना खाली घालून उभे. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं व्हायच्या आतच ते ओरडले, "झालं, झालं, बसा खाली!"

सभागृह मुकाट्याने बसलं. अधिकारी तेवढे बसले नाहीत. ते मागे वळले आणि म्हणाले, "बाई, पुन्हा सांगा."